प्रतिकृती नौकांच्या शर्यतीतील इंजिनांची जुळवणी व फेरबदल : एक शास्त्रीय विवेचन

सारांश

रेडिओ नियंत्रित किंवा दोरीला बांधून वर्तुळाकार धावणाऱ्या प्रतिकृती नौकांच्या शर्यतींत काही घन सेंटिमीटर क्षमतेची, दोन धावांची इंजिने वापरली जातात. या इंजिनांत शर्यतीसाठी कोणते फेरबदल केले जातात आणि त्यांमागे कोणती भौतिक तत्त्वे आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. एक्झॉस्ट पाइपची लांबी, पोर्टची उंची, संपीडन गुणोत्तर, इंधन आणि प्रोपेलर हे घटक परस्परावलंबी आहेत. त्यामुळे कोणताही एक घटक स्वतंत्रपणे 'सुधारता' येत नाही, हे प्रत्यक्ष आकडेमोडीच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : दोन धावांचे इंजिन, दाब तरंग, अनुस्पंदन, संपीडन गुणोत्तर, ग्लो प्लग, प्रोपेलर

प्रस्तावना

'ट्यूनिंग' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ झाला आहे. स्कूटर किंवा मोटारसायकल गॅरेजमध्ये नेऊन कार्ब्युरेटर साफ करून घेणे हा एक अर्थ, आणि इंजिनात काटछाट करून त्याची ताकद वाढविणे हा दुसरा. या दोन्ही अर्थांत शब्दाचा मूळ आशय हरवतो. तंबोरा जुळविणारा एखादी तार जास्तीत जास्त ताणत नाही. चारही तारा एकमेकींशी मिळत्या करतो. इंजिनाच्या जुळवणीचेही तसेच आहे, आणि प्रतिकृती नौकेच्या शर्यतीत ही गोष्ट जितक्या स्पष्टपणे दिसते तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसते.

याचे कारण या इंजिनांच्या आकारात आहे. ७.५ घन सेंटिमीटरचे इंजिन तळहातावर मावते. परंतु ते मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेते. अशा वेगात अर्धा मिलिमीटर धातू किंवा एक सेंटिमीटर पाइप यांचाही परिणाम ठळकपणे जाणवतो. म्हणून हा विषय केवळ छंदाचा न राहता तरंगगती, वायूंचे नियम, उत्प्रेरण आणि द्रवगतिकी यांच्या संगमाचा ठरतो. विज्ञान व अभियांत्रिकीच्याच नव्हे, तर प्रयोगपद्धतीत रस असणाऱ्या कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकास त्यात विचार करण्याजोगे बरेच काही आहे.

१. पार्श्वभूमी

प्रतिकृती नौकांचा छंद संघटित स्वरूपात ब्रिटनमध्ये वाढला. 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधील वाफेच्या प्रतिकृती नौकांचा क्लब १९०४ चा आहे. यंत्रचलित प्रतिकृती नौकांची ब्रिटिश संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. या काळातील शर्यतींमध्ये नौका तळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या खांबाला दोरीने बांधून फिरविली जाई. तिचे पेट्रोल इंजिन बहुधा मालकाने स्वतःच्या लेथवर घडविलेले असे. एडगर वेस्टबरी यांनी 'मॉडेल इंजिनिअर'मधून प्रसिद्ध केलेल्या इंजिनांच्या आराखड्यांनी ही परंपरा अनेक दशके जोपासली.

१९४७ मध्ये अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि लहान इंजिनांचे स्वरूप पालटले. ठिणगी पाडणारी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचे ओझे नौकेवरून उतरले. पुढे रेडिओ नियंत्रण आले आणि दोरीच्या वर्तुळातून बाहेर पडून नौका बोयांभोवती एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या 'नाविगा' या जागतिक संघटनेच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत ३.५, ७.५ आणि १५ घन सेंटिमीटर असे वर्ग रूढ झाले. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या वर्गांत जपानच्या झेनोआ कंपनीच्या सुमारे २६ घन सेंटिमीटरच्या इंजिनांना विशेष पसंती मिळाली. या इंजिनांचे मूळ घराणे गवत आणि झुडपे कापणाऱ्या यंत्रांचे आहे, ही बाब लक्षणीय आहे.

२. नौकेची वेगळी मागणी

दोन धावांच्या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील पोर्ट पिस्टन स्वतःच उघडतो आणि झाकतो. पिस्टन खाली येताना प्रथम एक्झॉस्ट पोर्ट उघडतो व जळलेले वायू बाहेर पडतात. पाठोपाठ ट्रान्स्फर पोर्ट उघडून खालच्या कक्षातील ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. आपल्याकडील जुन्या बजाज चेतक स्कूटरचे इंजिन याच तत्त्वावर चालत असे. पेट्रोल पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेण्याची पद्धतही याच रचनेतून आली होती, कारण खालच्या कक्षाला स्वतंत्र वंगण नसते.

तथापि स्कूटर, विमान आणि नौका यांच्या इंजिनांवरील भार भिन्न असतो. स्कूटरला गिअर आहेत. विमानाचा पंखा पहिल्या क्षणापासून हवेतच फिरतो. प्रतिकृती नौकेला सर्वसाधारणपणे गिअर नसतात. इंजिनाचा दांडा थेट प्रोपेलरला जोडलेला असतो. नौका पाण्यात सोडताच प्रोपेलर पूर्ण बुडालेला असतो व भार सर्वाधिक असतो. नौका वेग घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर उचलली गेली, की प्रोपेलरचा निम्मा भाग पाण्याबाहेर येतो आणि भार एकदम घटतो. वळणावर तो पुन्हा वाढतो. म्हणजेच एका फेरीत हे इंजिन अनेक वेळा निरनिराळ्या वेगांतून जाते आणि प्रत्येक वेळी त्याला स्वबळावर वर यावे लागते. पुढील सर्व चर्चा या एका वस्तुस्थितीच्या पार्श्वभूमीवर वाचावी.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे एक नमुना इंजिन गृहीत धरले आहे : क्षमता ७.५ घन सें.मी., पिस्टनची धाव २० मि.मी., सिलिंडरचा व्यास सुमारे २१.९ मि.मी., कनेक्टिंग रॉडची लांबी ३६ मि.मी., एक्झॉस्ट पोर्ट उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या १७० अंशांचा आणि कार्यवेग मिनिटाला २२,००० फेरे. या वेगात एक पूर्ण फेरा २.७ सहस्रांश सेकंदांत होतो आणि एक्झॉस्ट पोर्ट जेमतेम १.३ सहस्रांश सेकंद उघडा राहतो. पुढील आकडे याच गृहीतकांवरून काढलेले आहेत.

३. एक्झॉस्ट पाइप : तरंगाची वेळ

शर्यतीच्या नौकेवर दिसणारा मध्यभागी फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता पाइप हा केवळ आवाज कमी करणारा सायलेन्सर नाही. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच उच्च दाबाचा तरंग पाइपमध्ये धावतो. पाइप जेथे रुंदावत जातो तेथून त्या तरंगाचे परावर्तन कमी दाबाच्या रूपात होते. हा कमी दाब सिलिंडरपर्यंत पोहोचून जळलेले वायू ओढून घेतो आणि ट्रान्स्फर पोर्टमधून ताजे मिश्रण आत खेचतो. त्यातील काही मिश्रण तर पाइपच्या तोंडापर्यंत निसटते. त्यानंतर पाइपच्या मागील, अरुंद होत जाणाऱ्या शंकूवरून उच्च दाबाचा तरंग परततो आणि एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी ते निसटलेले मिश्रण सिलिंडरमध्ये परत लोटतो. अशा रीतीने कोणत्याही पंपाशिवाय सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरले जाते.

या तत्त्वाचा पद्धतशीर विकास पूर्व जर्मनीतील एम. झेड. या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी केला. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीची मजल गाठली. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला आणि जपानच्या सुझुकी कंपनीत दाखल झाला. हे ज्ञानही त्याच्याबरोबर गेले. १९६२ चे ५० घन सेंटिमीटर गटाचे जागतिक विजेतेपद त्याने सुझुकीवर जिंकले. प्रतिकृती इंजिनांनी हेच तत्त्व उचलले.

पाइपची लांबी कशी ठरते? तरंगाला जाऊन येण्यास लागणारा वेळ आणि पोर्ट उघडा राहण्याचा वेळ यांची बरोबरी केली, की पुढील सूत्र मिळते :

ल = (व × क) ÷ (१२ × फ)

येथे 'ल' ही पिस्टनपासून मागील शंकूतील सरासरी परावर्तन बिंदूपर्यंतची लांबी मीटरमध्ये, 'व' हा तरंगाचा वेग मीटर प्रतिसेकंदात, 'क' हा पोर्ट उघडा राहण्याचा कोन अंशांत आणि 'फ' म्हणजे मिनिटाचे फेरे. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत तरंगाचा वेग सेकंदाला ४७० मीटरच्या आसपास असतो. हे आकडे घातले असता लांबी सुमारे ३०.३ सेंटिमीटर येते. कार्यवेग २०,००० फेरे धरल्यास ती ३३.३ सेंटिमीटर होते. म्हणजे पाइपमधील एक सेंटिमीटरचा फरक सुमारे ७०० फेऱ्यांच्या बरोबरीचा आहे. सिलिंडर व पाइप यांना जोडणारी उष्णतारोधक सिलिकॉन नळी सैल करून पाइप पुढे-मागे सरकविता येतो, म्हणून जाणकार याच फेरबदलापासून सुरुवात करतात.

नौकेच्या बाबतीत येथे एक अधिकची गुंतागुंत आहे. तरंगाचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पाण्याचे तुषार उडून पाइप थंड झाला व आतील वायूचे तापमान ३०० वरून २५० अंशांवर आले, तर तरंगाचा वेग सुमारे साडेचार टक्क्यांनी घटतो आणि २२,००० फेऱ्यांसाठी जुळविलेला पाइप आता सुमारे २१,००० फेऱ्यांना जुळतो. कोरड्या बाकावर साधलेली जुळवणी तळ्यात टिकत नाही, त्याचे हे एक कारण होय.

४. पोर्टचा आकार : अर्ध्या मिलिमीटरचे मोल

एक्झॉस्ट पोर्टची वरची कड कानसने किंवा बारीक ग्राइंडरने थोडी वर नेली, तर पोर्ट लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. नमुना इंजिनात ही कड केवळ ०.५ मि.मी. वर नेल्यास पोर्ट उघडा राहण्याचा कोन १७० वरून सुमारे १७६ अंशांवर जातो. जळलेल्या वायूंना बाहेर पडण्यास अधिक अवधी मिळतो व इंजिनाचा सर्वोच्च वेग वाढण्याची शक्यता निर्माण होते. परंतु वरील सूत्रानुसार तोच ३०.३ सेंटिमीटरचा पाइप आता सुमारे २२,८०० फेऱ्यांना जुळू लागतो. वेग २२,००० वरच ठेवायचा असेल, तर पाइप सुमारे एक सेंटिमीटरने लांब करावा लागतो. याशिवाय पिस्टनला खाली ढकलणाऱ्या वायूचा कार्यकाल घटतो आणि पोर्ट बंद झाल्यानंतर दाबले जाणारे आकारमानही कमी होते. अर्धा मिलिमीटर धातू काढला, की निदान तीन हिशेब नव्याने मांडावे लागतात.

पोर्ट अतिशय उंच केलेले इंजिन कमी वेगात दुबळे होते, कारण परतणारा तरंग तेव्हा वेळेआधीच येतो आणि मिश्रणाचा प्रवाह बिघडवितो. बोयांभोवती धावणाऱ्या नौकेस हे घातक ठरते. तिचे इंजिन पाइपशी जुळणाऱ्या वेगापर्यंत पोहोचण्याआधीच प्रोपेलरच्या भाराखाली दबून राहते व नौका पाण्यावर उचललीच जात नाही. उलट दोरीला बांधलेल्या वेगवान नौकेचा प्रश्न निराळा आहे. ती १५.९२ मीटर त्रिज्येच्या, म्हणजे १०० मीटर परिघाच्या वर्तुळात पाच फेऱ्या मारून ५०० मीटरचे अंतर कापते. तिला ना वळणाचा अडथळा, ना पुन्हा वेग घेण्याची गरज. म्हणून तिथे टोकाची जुळवणी चालून जाते. एकच फेरबदल एका शर्यतीत गुण आणि दुसऱ्या शर्यतीत दोष ठरतो, तो असा.

ट्रान्स्फर पोर्टच्या बाबतीत उंचीपेक्षा दिशेला महत्त्व आहे. ताजे मिश्रण एक्झॉस्ट पोर्टच्या विरुद्ध भिंतीकडे वळवून वर नेणारी रचना जर्मन अभियंते श्नुर्ले यांच्या नावाने ओळखली जाते. अशा पोर्टच्या कडा गुळगुळीत करणे, सांध्यातील पायऱ्या काढून टाकणे आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट तंतोतंत सारखे करणे या कामात जोखीम कमी असते. अनुभवी कारागीर 'पोर्टिंग' म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना धातू काढणे नव्हे, तर ही सफाई अभिप्रेत असते.

५. संपीडन, इंधन आणि ग्लो प्लग

ग्लो प्लगच्या इंजिनात ठिणगीची वेळ ठरविणारे स्वतंत्र साधन नसते. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीस दीड व्होल्टच्या विजेने तापविली जाते. एकदा इंजिन सुरू झाले, की मिथेनॉलच्या बाष्पाचे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उत्प्रेरित ज्वलन होऊन ती स्वतःच तापलेली राहते. मिश्रण नेमके केव्हा पेट घेईल हे संपीडन, इंधनाचे स्वरूप, मिश्रणाचे प्रमाण आणि प्लगची 'उष्णता' ही चार घटकांची बेरीज ठरविते.

संपीडन बदलण्याचा सोपा उपाय म्हणजे सिलिंडर हेडखालील पातळ शिम. नमुना इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १२ धरले, तर ०.१ मि.मी. जाडीची एक शिम वाढविल्यास ते सुमारे ११.४ होते. एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यानंतरचे परिणामी गुणोत्तर मात्र मुळातच यापेक्षा बरेच कमी, सुमारे ७.७, असते. संपीडन प्रमाणाबाहेर वाढले की मिश्रण वेळेआधी पेटते. प्लगची तार चेपते किंवा तुटते आणि हेडचा आतील पृष्ठभाग वाळूने घासल्यासारखा खरखरीत दिसू लागतो. शर्यतीनंतर प्लग काढून भिंगाखाली पाहणे ही म्हणूनच या क्षेत्रातील नित्याची तपासणी आहे.

इंधनाचे तीन घटक असतात : मिथेनॉल, वंगण आणि ऐच्छिक नायट्रोमिथेन. एक किलोग्रॅम पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला केवळ १.७. किलोग्रॅममागे उष्णता पाहिली तर पेट्रोल सुमारे ४४, मिथेनॉल २० आणि नायट्रोमिथेन ११ मेगॅज्यूल देते, म्हणजे नायट्रोमिथेन सर्वांत दुबळे दिसते. परंतु सिलिंडरमध्ये मावणाऱ्या हवेवर मर्यादा आहे. एक किलोग्रॅम हवेच्या हिशेबाने पेट्रोल व मिथेनॉल दोन्ही सुमारे ३ मेगॅज्यूल देतात, तर नायट्रोमिथेन सुमारे साडेसहा. त्याचे सामर्थ्य उष्णतेत नसून कमी हवेत जळण्याच्या गुणात आहे.

मिथेनॉलचा गुण वेगळा आहे. त्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा पेट्रोलच्या सुमारे तिप्पट असून हवेच्या प्रमाणात ते दुपटीहून अधिक वापरले जाते. परिणामी आत येणारे मिश्रण पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सातपट अधिक उष्णता शोषून घेते व इंजिन आतून थंड राहते. वंगण म्हणून एरंडेल तेलाला आजही मान आहे. ते मिथेनॉलमध्ये विरघळते आणि अतितप्त धातूवरही पातळ थर टिकवून धरते. जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात व त्यातही गुजरातमध्ये होते. आपल्या घरी औषध म्हणून ओळखीचे असलेले हे तेल शर्यतीच्या इंजिनातही काम करते, ही नोंद मनोरंजक आहे. नायट्रोमिथेनचे प्रमाण वाढविले तर संपीडन कमी करावे लागते, कारण असे मिश्रण लवकर पेटते. म्हणजे पुन्हा शिम, पुन्हा प्लग, पुन्हा सुई.

६. प्रोपेलर : इंजिनाचा खरा भार

इंजिनातून निर्माण होणारी शक्ती शेवटी पाण्यापर्यंत पोहोचविणारा भाग म्हणजे प्रोपेलर. ५० मि.मी. व्यासाचा आणि एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या ७० मि.मी. पुढे जाणारा प्रोपेलर २२,००० फेऱ्यांना ताशी ९२.४ किलोमीटर अंतर कापील. पाण्यातील घसर १२ ते १५ टक्के धरली, तर नौकेचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास येतो.

आता त्याच प्रमाणातील ५२ मि.मी. व्यासाचा प्रोपेलर बसविला असे समजू. प्रोपेलरला लागणारी शक्ती ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास केवळ चार टक्क्यांनी वाढला तरी त्याच वेगाला सुमारे २२ टक्के अधिक शक्ती लागते. इंजिनाची शक्ती तेवढीच राहिली, तर फेरे सुमारे २०,६०० वर येतात आणि सैद्धांतिक वेग ताशी ९०पर्यंत उतरतो. शिवाय २२,००० फेऱ्यांना जुळविलेला पाइप आता साथ देत नाही. तो सुमारे दोन सेंटिमीटरने लांब केल्याशिवाय इंजिन पूर्ण शक्तीही देणार नाही. मोठा प्रोपेलर म्हणजे अधिक वेग हा समज येथे आकड्यांनीच खोटा ठरतो. इंजिन कमकुवत आहे असा निष्कर्ष काढून पोर्ट घासावयास घेण्यापूर्वी प्रोपेलर मोजून पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

७. तापमान व सुईची जागा

शर्यतीच्या अनेक इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळेची बाही असते. त्यात पिस्टन-रिंग नसते. बाही वरच्या टोकाकडे किंचित निमुळती असते. थंड अवस्थेत पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो. तापल्यावर पितळेची बाही पसरून योग्य मोकळीक मिळते. नौकेचे इंजिन धावताना ओढून घेतलेल्या पाण्याने थंड होते. हे पाणी फार असेल तर बाही पुरेशी पसरत नाही आणि पिस्टन झिजतो; फार कमी असेल तर इंजिन जाम होते. पाण्याच्या नळीचे तोंड लहान-मोठे करून हा समतोल साधावा लागतो. अधिक थंडावा म्हणजे अधिक सुरक्षितता, हे विधानही म्हणूनच जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

कार्ब्युरेटरची सुई किनाऱ्यावर ठरविता येत नाही, कारण तेथे प्रोपेलरचा भार नसतो. भाराविना पूर्ण वेगाने फिरविलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटण्याचा धोका असतो. सबब सुई प्रथम इंधन अधिक जाईल अशी ठेवून नौका पाण्यात सोडली जाते आणि नंतर थोडी थोडी आवळली जाते. पाइपशी जुळणारा वेग येताच इंजिन अधिक हवा ओढते व त्याला अधिक इंधन लागते. किनाऱ्यावर योग्य वाटणारी सुई तेव्हा अपुरी पडते. हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. २० अंश सेल्सिअसच्या सकाळी आणि ३५ अंशांच्या दुपारी हवेच्या घनतेत सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो.

८. कार्यपद्धतीविषयी

वरील विवेचनावरून जुळवणीचा एक क्रम आपोआप सिद्ध होतो. ज्या फेरबदलांवरून मागे येता येते ते आधी आणि ज्यांवरून येता येत नाही ते शेवटी करावेत. सुई, प्लग, प्रोपेलर, पाइपची लांबी आणि शिम हे पहिल्या गटात येतात. पोर्ट घासणे दुसऱ्या गटात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा पृष्ठभाग एका वेळी अगदी थोडा घासतो आणि प्रत्येक वेळी तार छेडून ऐकतो, कारण घासलेले परत चढविता येत नाही. पोर्टच्या कडेलाही हाच नियम लागू आहे.

दुसरा नियम एका वेळी एकच बदल करण्याचा. पाइप आणि प्रोपेलर एकदम बदलले व नौका वेगवान झाली, तर श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही. मंद झाली तर दोष कोणाचा हेही कळत नाही. तिसरा नियम नोंदींचा. तापमान, इंधनाचे प्रमाण, प्लग, सुईचे आटे, पाइपची लांबी, प्रोपेलरची मापे आणि ठराविक अंतरास लागलेला वेळ एवढ्या सात रकान्यांची वही असल्यास अनुभवाचे रूपांतर ज्ञानात होते. आवाजावरून वेग ओळखणारा कान मौल्यवान आहे; परंतु तो कान दुसऱ्याला देता येत नाही, वही देता येते.

९. सुरक्षितता आणि बदलती परिस्थिती

मिथेनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, हे महाराष्ट्रास विसरता येणार नाही. ते त्वचेतूनही शरीरात शिरते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. प्रोपेलर अनेकदा बेरिलियम असलेल्या तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना धार लावताना उडणारी धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. त्यामुळे हे काम ओल्या पॉलिश पेपरने, मुखपट्टी लावून करणे आवश्यक आहे.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या व फेब्रुवारी २०२१ पासून अमलात आलेल्या नियमानुसार १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले इंधन सर्वसामान्य नागरिकास परवान्याशिवाय मिळत नाही, कारण या द्रव्याचा स्फोटकांसाठी दुरुपयोग होऊ शकतो. अमेरिकेतील शर्यतींत मात्र हे प्रमाण कधी कधी निम्म्याहूनही अधिक असते. साहजिकच दोन खंडांतील इंजिनांची जुळवणी एकसारखी राहिलेली नाही. दुसरीकडे ब्रशविरहित विद्युत मोटार आणि लिथियम बॅटरी यांनी अनेक वर्गांत इंजिनांची जागा घेतली आहे. तळ्याकाठच्या रहिवाशांची आवाजाविषयीची तक्रारही त्यामुळे मिटते. हा बदल योग्यच आहे. परंतु त्याबरोबर हातात धरून, उघडून, मोजून समजून घेता येणारे एक यंत्र मागे पडत आहे, याचीही नोंद घ्यावयास हवी.

समारोप

प्रतिकृती नौकेच्या इंजिनात 'सर्वोत्तम' असा सुटा भाग नसतो. परस्परांशी जुळलेल्या भागांची मांडणी असते. पोर्ट उंच केला की पाइप बदलतो, प्रोपेलर बदलला की पाइप बदलतो, इंधन बदलले की संपीडन बदलते आणि हवामान बदलले की सुई बदलते. यांपैकी एकाच घटकाकडे पाहून घेतलेला निर्णय बहुधा दुसरीकडे नुकसान करतो.

आपल्या अभ्यासक्रमांत तरंग एका सत्रात, ऊष्मागतिकी दुसऱ्या सत्रात आणि उत्प्रेरण तर दुसऱ्याच विभागात शिकविले जाते. विद्यार्थ्यास हे सारे एका वस्तूत एकत्र नांदताना क्वचितच दिसते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनविल्या जातात, हवाई विभागात विमानांच्या. ज्या महाविद्यालयांत हे विभाग आहेत तेथे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी त्या कार्यशाळेत डोकावावे. इंजिन चालविण्याची सोय नसली तरी एक निकामी दोन धावांचे इंजिन, एक व्हर्नियर आणि वरील सूत्र एवढ्या साहित्यावर एक चांगले प्रात्यक्षिक उभे राहू शकते. पोर्टची उंची मोजावी, कोन काढावा, पाइपची लांबी ठरवावी आणि मग अर्धा मिलिमीटर कागदावरच घासून पाहावा. कागदावर घासलेला अर्धा मिलिमीटर खोडून पुन्हा लिहिता येतो. धातूवरचा येत नाही. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्याच्या मनावर ठसली तरी या अभ्यासाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.